जमिनीशी बोलणी

मेटगुताडच्या अंगणवाडीत
पोरं दुपारची झोपायची ती शहाबादी फरशीवर.
वर सतरंजी, सतरंजीखाली पोतं,
पोत्याखाली जानेवारी.

शालन पार्टे बाई म्हणाल्या,
"लाकडाची जमीन करून द्या.
माडी नाही, उंच जोतं नाही, थेट मातीवर."
गुरेघरचा कंत्राटदार हसला:
"मातीवर लाकूड म्हणजे वाळवीला जेवणाचं आवतण."

मीही हसलो असतो.
पण त्या दिवशी पहाटे वेण्णेच्या कडेला
स्ट्रॉबेरीच्या पानांवर मीठ सांडल्यागत हिम होतं,
आणि दुपारी एक पोरगी झोपेतच
पाय पोटाशी ओढून घेत होती,
गोगलगाय शिंगं आत घेते तशी.

थंडी वरून येते असं आपण समजतो,
दारं लावतो, फटीत चिंध्या कोंबतो.
खरी थंडी खालून येते, न बोलता,
आणि तिच्या बोटाला धरून ओल.

फरशी उचकटली. खाली तांबडी माती,
चार महिने झाले तरी पाऊस न विसरलेली.
मुठीत दाबली की लाडू वळायचा.
वीतभर खणून काढली.
बाहेर भिंतीकडेनं चर मारला;
पाण्याला आधी दुसरी वाट दाखवावी लागते,
मगच म्हणायचं, इकडं येऊ नकोस.

मग खडी. धुतलेली, कच न ठेवता,
कारण कच पाणी वर चढवते, वात तेल चढवते तशी.
खडीवर बोटभर वाळू, वाळूवर जाड काळं प्लास्टिक,
जोडाला हातभर एकावर एक,
भिंतीवर चार बोटं वर.
नवाजला दम भरला: चपला काढ.
एवढंसं भोक पडलं
की सगळी बोलणी फिसकटतात.

त्यावर फोमचे निळे तक्ते, दोन इंची,
साताऱ्याहून टेम्पोच्या टपावर आणलेले.
केळघरच्या घाटात वाऱ्यानं एक उडवला;
नवाजनं तो दरीच्या काठावरून
लेकरासारखा उचलून आणला.
"उस्ताद, याला वजनच नाही. पैसे कशाचे?"
म्हटलं, हवा कोंडून ठेवायचे.

वर प्लायचे दोन थर, जोडावर जोड येऊ न देता.
स्क्रू मोजून घेतले,
दोन्ही थरांच्या जाडीला एक सूत कमी.
शेवटी सिल्व्हर ओकच्या फळ्या,
वादळात पडलेलं झाड, दोन वर्षं माझ्या शेडमध्ये उभं.
भिंतीपासून बोटभर फट सोडली.
जुलैत लाकूड फुगतं, अंग टाकायला जागा मागतं.
माणसंही मागत असतील,
पण ती सुताराकडं येत नाहीत.

कडेनं बोरिक फवारलं.
पाच वर्षांनी तो कंत्राटदार हसेल
किंवा मी.

एका कोपऱ्यात दीड सूत उतार राहिला.
बाईंना कळला नाही. इंजिनियरला कळला नाही.
पोरांना तिसऱ्या दिवशी कळला:
गोटी आपोआप खिडकीकडं जाते.
त्यांनी तिथं एसटी स्टँड केलं.

काम संपलं त्या रात्री घरी आलो.
सुंदरा ओट्यापाशी उभी, भाकरी थापत,
एक पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवून,
मग बदलून.
सव्वीस वर्षं मी हे बघतोय.
मला वाटायचं, तिची उभं राहायची ढबच तशी.

पिशवीत फोमचा तुकडा होता, दीड बाय दोन.
वर प्लायची कातरण टाकली,
तिच्या पायाशी सरकवला.
"हे काय?"
"उरलं होतं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.
मग दोन्ही पावलं
शेजारी शेजारी ठेवली.